घर नावावर कुणाच्या, हक्क कुणाचा: वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे

या वेळी आलेली बहुतेक पत्रे घराबद्दल आहेत. मुंबईत माणसाची आयुष्यभराची कमाई चारशे-पाचशे चौरस फुटांत असते आणि वारस तीन-चार असतात. सोसायटीच्या एकपानी फॉर्मवरच्या नावाला लोक मालकीचा दाखला समजतात आणि तिथूनच वाद सुरू होतो. खालची उत्तरे हिंदू वारसा कायदा, १९५६ लागू असलेल्या, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी आहेत. मुस्लिम कुटुंबांत इतर वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक मालमत्ता देता येत नाही, त्यामुळे त्यांचे गणित वेगळे आहे.

प्रश्न: बोरिवलीचा वन बीएचके वडिलांनी स्वतःच्या पगारातून घेतला. दोन वर्षांपूर्वी ते वारले, मृत्युपत्र केले नव्हते. आई आहे, आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्या दादाचे नाव होते. आता शेअर सर्टिफिकेटवर त्याचे नाव चढले आहे आणि तो म्हणतो, घर माझे झाले. ताई, आमचा काही हक्क उरला आहे का?

पूर्ण हक्क उरला आहे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारा माणूस असतो. सभासद गेल्यावर मेंटेनन्सचे बिल कुणाच्या नावे काढायचे, सभेची नोटीस कुणाला द्यायची, एवढा सोसायटीचा प्रश्न नॉमिनीमुळे सुटतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेले कलम १५४ ब-१३ तर स्पष्टच सांगते की खरे वारस ठरून सभासद होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचे. कंपन्यांच्या शेअर्सबाबतही नॉमिनी मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

आता वाटे. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता, मृत्युपत्र नाही, म्हणून पहिल्या वर्गाचे वारस समान वाटेकरी: आई, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी एक चतुर्थांश. बहिणीचे लग्न झाले, लग्नात खर्च केला, याने तिचा वाटा कमी होत नाही. वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी, वडिलांच्या मृत्यूच्या दिवशी हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस असते आणि मग पाच वाटे होतात. आजोबा मात्र या वर्गात येत नाहीत. आजीचा वाटा विसरणे ही फार नेहमीची चूक आहे. ती पुढे आजीच्या इतर मुलांकडून नोटीस आली की उघडी पडते.

त्याआधी मूळ करारनामा काढून बघा. करारावर आई-वडील दोघांची नावे असतील आणि दोघांचे हिस्से निम्मे-निम्मे असतील, तर वाटणी फक्त वडिलांच्या अर्ध्याची होते. त्या अर्ध्याचे चार वाटे म्हणजे प्रत्येकी एक अष्टमांश. आईचे स्वतःचे अर्धे अधिक एक अष्टमांश, असे तिचे पाच अष्टमांश होतात.

पहिले काम आजच करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना पत्र द्या: आम्ही कायदेशीर वारस आहोत, नॉमिनीच्या नावे झालेली नोंद तात्पुरत्या सभासदत्वाचीच धरावी, आमच्या लेखी संमतीशिवाय विक्री, बक्षीस किंवा कर्जासाठी ना-हरकत देऊ नये. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच पत्रात नॉमिनेशन रजिस्टरमधल्या नोंदीची आणि ज्या सभेत नाव चढवले त्या इतिवृत्ताची प्रत मागा.

दादा समजुतीला आला तर मार्ग सोपा आहे. आई आणि भावंडे मिळून घर कुणाच्या नावे ठेवायचे ते ठरवतात आणि बाकीचे त्याच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. वारशाने आलेल्या घरातला हक्क भावंडांच्या, आईच्या किंवा मुलांच्या नावे विनामोबदला सोडला तर ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये मुद्रांक शुल्क आहे. नोंदणीचा खर्च वेगळा. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकांकडे नोंदवावाच लागतो. नोटरीपुढे केलेल्या हक्कसोडपत्राने घरातला हक्क सुटत नाही. हक्क कुणाच्या नावे सोडला ते नाव दस्तात स्पष्ट हवे. नुसते ‘मी माझा हक्क सोडत आहे’ असे लिहिले तर तो वाटा उरलेल्या सगळ्यांत जातो. बहिणीला पैसे दिले असतील तर दस्तात ‘विनामोबदला’ लिहू नका. तो व्यवहार हिस्सा विकल्याचा ठरतो आणि त्याला खरेदीखताप्रमाणे शुल्क लागते.

दोन ठिकाणी हे काम हमखास अडते. एखादे भावंड आधीच वारले असेल आणि त्याचे मूल अज्ञान (१८ वर्षांखालचे) असेल, तर त्या मुलाचा वाटा त्याची आई परस्पर सोडू शकत नाही. न्यायालयाची परवानगी लागते. आणि बहीण परदेशात असेल तर तिचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून आणावे लागते. ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरायचे असते. कुरियरचा लिफाफा जपून ठेवा, ते कधी पोहोचले याचा तोच पुरावा.

दादा ऐकत नसेल तर वाटपाचा दावा लावावा लागेल. १० कोटी रुपयांपर्यंतचे दावे मुंबईत शहर दिवाणी न्यायालयात चालतात, बोरिवलीकडचे दिंडोशीच्या शाखेत. दावा दाखल झाला की लगेच त्याची ‘लिस पेंडन्स’ (या घराबद्दल दावा चालू आहे अशी) नोटीस नोंदवून घ्या. बृहन्मुंबईत ही नोटीस नोंदवलेली नसेल, तर दावा चालू असताना घर विकत घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बांधील राहील याचा भरवसा नाही. वकिलाला पहिल्याच भेटीत याबद्दल विचारा.

प्रश्न: माझे वय ७४, मुलुंडला स्वतःचा फ्लॅट, थोड्या ठेवी, दोन मुलगे आणि एक मुलगी. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते का? रजिस्टर करावेच लागते का? आणि मुंबईत प्रोबेट (मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेणे) सक्तीचे आहे ना?

साध्या कागदावर चालते, हाताने लिहिलेलेही चालते. मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे आणि मृत्युपत्र केव्हाही नोंदवता येते, त्याला मुदत नाही. नोटरीचा शिक्का लागत नाही. आणि शिक्का आहे पण साक्षीदार एकच, तर त्या मृत्युपत्राचा उपयोग नाही.

कायद्याला हव्यात तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. प्रत्येक साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहिलेले असावे किंवा ‘ही सही माझीच’ असे तुमच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याने तुमच्या समोर सही केलेली असावी. मृत्युपत्रे पडतात ती इथेच. एक साक्षीदार घरी येऊन सही करतो, दुसऱ्याकडे मुलगा दुसऱ्या दिवशी कागद घेऊन जातो. पाच-दहा वर्षांनी तो दुसरा साक्षीदार उलटतपासणीत खरे ते सांगून टाकतो की सही करताना मी त्यांना पाहिले नाही.

म्हणून एकच वेळ ठरवा आणि तिघे एका टेबलाशी बसा. प्रत्येक पानावर खाली तुमची सही, पानांना ‘५ पैकी १’ असे क्रमांक. खाडाखोड झाली तर शेजारी तुमची आणि दोन्ही साक्षीदारांची छोटी सही. शक्य असेल तर ते पानच नव्याने छापा. शेवटी हा मजकूर टाका: ‘वरील मृत्युपत्रावर श्री. अमुक यांनी आम्हा दोघांच्या समक्ष सही केली आणि त्यांच्या समक्ष आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ त्याखाली साक्षीदारांची पूर्ण नावे, वय, पत्ता. साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान असू द्या, कारण त्यांची गरज तुमच्या पश्चात लागणार आहे. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका. कायदा हिंदूंच्या मृत्युपत्रात तेवढ्यावरून देणगी रद्द करत नाही, पण संशयाला जागा होते. डॉक्टरचे सर्टिफिकेट वेगळ्या लेटरहेडवर, त्याच तारखेचे घ्या: तपासले, शुद्धीवर आहेत, दस्ताचा अर्थ त्यांना समजतो. डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तम.

घराचे वर्णन ‘मुलुंडचा फ्लॅट’ एवढ्यावर सोडू नका. फ्लॅट नंबर, विंग, मजला, सोसायटीचे नोंदणीतले नाव, सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक, मौजे, शेअर सर्टिफिकेटचा नंबर आणि शेअर्सचे अनुक्रमांक अमुक ते अमुक, हे सगळे लिहा. त्यापुढे एक वाक्य मुंबईकराने घातलेच पाहिजे: ‘अथवा इमारतीच्या पुनर्विकासात सदर फ्लॅटच्या बदल्यात मिळणारी जागा, भाडे, कॉर्पस रक्कम आणि इतर सर्व लाभ.’ तुम्ही लिहिलेला फ्लॅट तोडून त्या जागी टॉवर उभा राहिला, तर मृत्युपत्रातली वस्तूच उरत नाही आणि देणगी निष्फळ ठरण्याचा धोका राहतो. इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल तर या वाक्याशिवाय सही करू नका.

आणखी तीन गोष्टी लिहा. ज्याला देता तो तुमच्या आधी गेला तर कुणाला. ‘वर न लिहिलेली व यापुढे मिळणारी उर्वरित सर्व मालमत्ता’ कुणाला. हे कलम नसले की राहिलेल्या ठेवी पुन्हा सगळ्या वारसांत वाटल्या जातात. आणि एखाद्या अपत्याला कमी किंवा काहीच देणार नसाल तर त्याचे कारण दोन वाक्यांत, शांत भाषेत. स्वतःच्या कमाईतले कुणाला किती द्यायचे हा तुमचा अधिकार आहे, पण मुलीचे नाव पूर्ण गाळून, तिच्याबद्दल एक शब्दही न लिहिता केलेले मृत्युपत्र न्यायालय जरा जास्तच निरखून वाचते. माझा आग्रह तर मुलीलाही ठरवून काहीतरी लिहावे असाच राहील. आणि पती-पत्नींनी एकत्र मृत्युपत्र करू नये. दोघांची दोन करावीत. एक गेल्यावर दुसऱ्याला त्यात बदल करता येतो का, या एका प्रश्नावर वर्षे जातात.

व्यवस्थापक, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करून देणारा माणूस, नेमा. तो मुलांपैकी असला तरी चालतो, पण मूळ प्रत कुठे आहे हे त्याला माहीत हवे. बँकेचा लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर मृत्युपत्र त्यात ठेवू नका. नोंदणी केलीत तर मूळ प्रत हरवल्यास नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते. सक्ती नसली तरी सत्तरीच्या पुढे मी नोंदणीच सुचवते.

राहिले प्रोबेट. ‘मुंबईत प्रोबेट लागतेच’ हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आणि ते खरेही होते. ही सक्ती भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१३ मुळे होती. पुण्यातल्या मालमत्तेच्या पुण्यातच केलेल्या मृत्युपत्राला ती नव्हती, मुंबईतल्याला होती. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये हे कलमच वगळले, त्यामुळे सक्ती संपली आहे. सोसायटीने जुन्या सवयीने प्रोबेट मागितले तर या दुरुस्तीचा हवाला देऊन लेखी उत्तर मागा. प्रोबेट घेण्याची सोय मात्र कायम आहे आणि भावंडांत आधीच धुसफूस असेल, साक्षीदार थकलेले असतील किंवा घर लगेच विकायचे असेल तर ते घ्यावे. अर्ज उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्र विभागात होतो, सर्व वारसांना नोटीस जाते आणि कुणी हरकत नोंदवली तर त्याचा दावा होतो. न्यायालयीन शुल्काला ७५,००० रुपयांची मर्यादा आहे.

प्रश्न: मी विधवा, मूलबाळ नाही. विलेपार्ल्याचे घर माझ्या पगारातून घेतले. माझ्यामागे ते धाकट्या बहिणीला मिळावे असे वाटते. तीच जवळची, मग मृत्युपत्राची गरज आहे का?

फार गरज आहे, आणि तुमच्या बाबतीत उशीर करू नये. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली आणि पती, मुले, नातवंडे कुणीच नसले, तर तिच्या स्वतःच्या कमाईचे घर आधी पतीच्या वारसांकडे जाते: दीर, नणंद, पुतणे. तुमचे आईवडील त्यांच्यानंतर येतात आणि बहीण त्याहूनही मागे. फक्त आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता वडिलांच्या वारसांकडे परत जाते. हा क्रम अन्यायाचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, पण हिंदू वारसा कायद्याचे कलम १५ आज असेच आहे. वर सांगितलेल्या पद्धतीने, नोंदणीसह, याच महिन्यात मृत्युपत्र करा. बहिणीला सोसायटीत नॉमिनीही करा: सोसायटीच्या उपविधींतल्या (बाय-लॉज) परिशिष्ट १४ चा फॉर्म तीन प्रतींत द्यायचा, पहिल्या नॉमिनेशनला शुल्क नाही, पुढच्या प्रत्येक बदलाला १०० रुपये.

प्रश्न: गिरगावच्या चाळीत पागडीची खोली, भाडेपावती वडिलांच्या नावे. मी बायकोमुलांसह त्यांच्याजवळच राहत होतो. त्यांनी मृत्युपत्रात खोली डोंबिवलीला राहणाऱ्या धाकट्या भावाला लिहून दिली. आता मला खोली सोडावी लागेल का?

नाही. पागडीची खोली ही मालकी नसून भाडेकरूचा हक्क आहे आणि तो कुणाकडे जाईल हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ठरवतो. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी जो कुटुंबीय त्याच्यासोबत त्या जागेत राहत होता, तो भाडेकरू होतो. असा कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो, तोही आपसात ठरले नाही तर न्यायालय ठरवेल तसा. हा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच ठरवले आहे.

तुम्हाला सिद्ध करायचे आहे ते सोबत राहणे. वडील गेले त्या काळातले रेशन कार्ड, मतदार यादीतले नाव, आधारवरचा पत्ता, बँकेचे पासबुक, मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसचे पुस्तक एकत्र करा. मृत्यूनंतर बदललेला पत्ता उपयोगाचा नाही. मग मालकाला मृत्यूचा दाखला जोडून पावती तुमच्या नावे करण्याचे पत्र द्या. मालक टाळाटाळ करत असेल तरी भाडे थकवू नका. मनीऑर्डरने पाठवा आणि ती परत आली तर परत आल्याची पावती फाइलला लावा. वाद चिघळला तर लघुवाद न्यायालयात जायचे.

चाळ पुनर्विकासाला जाणार असेल तर हे सगळे विकासकाशी करार होण्याआधी उरका. पर्यायी जागेच्या नोंदणीकृत करारात ज्याचे नाव, त्याच्याकडे पुढे मालकी हक्काचा फ्लॅट येतो, आणि त्यानंतर त्या फ्लॅटला नेहमीचा वारसा कायदा लागतो.

प्रश्न: मुलगा म्हणतो, मृत्युपत्र कशाला, आत्ताच घर बक्षीसपत्राने माझ्या नावे करा, स्टॅम्प ड्युटी फक्त २०० रुपये आहे. करावे का?

राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे किंवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये हे बरोबर आहे. भावाबहिणीला देताना मात्र ते ३ टक्के होते. स्थानिक अधिभार किती लागेल तो दस्त करण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून लेखी काढून घ्या. पण स्वस्त आहे म्हणून करू नका. मृत्युपत्र तुम्ही हवे तेव्हा बदलू शकता. नोंदलेले आणि स्वीकारलेले बक्षीसपत्र मन बदलले म्हणून फिरत नाही. राहते घर एकच असेल तर माझा सल्ला मृत्युपत्राचाच आहे.

तरीही द्यायचे ठरले, तर दस्तात दोन कलमे घालाच. एक, तुम्हा दोघांना हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क. दोन, मुलाने तुमच्या मूलभूत गरजा आणि देखभाल पाहावी या अटीवर हे बक्षीस आहे. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ नुसार ही अट मोडली तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. दस्तात अट नसेल तर ती होती हे सिद्ध करण्याचे ओझे तुमच्यावर येते आणि ‘प्रेमापोटी व आपुलकीने’ एवढ्या छापील वाक्यावर ते पेलत नाही. अनेक तयार मसुद्यांत तेवढेच वाक्य असते.

प्रश्न: नऊ वर्षे नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट घेतलेला नाही. माझ्या ठेवी आणि घर मुलीलाच मिळेल ना?

आपोआप नाही. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत पती तुमचा वारस आहे. मृत्युपत्र नसेल तर मुलगी आणि पती यांना निम्मे-निम्मे जाईल. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात अर्ज प्रलंबित असला तरीही हेच लागू. मृत्युपत्रात मुलीचे नाव लिहा आणि ती अज्ञान असेल तर तिचा वाटा सांभाळायला व्यवस्थापक म्हणून तुमच्या विश्वासातली व्यक्ती नेमा, नाहीतर पैसे तिच्या नावे आणि ताबा पालक म्हणून वडिलांकडे, असे होऊ शकते. बँकेतले जुने नॉमिनेशन लग्नाच्या वेळचे असेल तर तेही बदला. १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीने किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक.